जुलाबात बाळाला उपाशी ठेवू नका

पाऊस सुरू झाला की ऐरोली-घणसोलीकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो: "बाळाला जुलाब लागले की एक दिवस खाणं बंद, आतड्याला विश्रांती द्या. मग जुलाब थांबेपर्यंत फक्त भाताची पेज. दूध, डाळ, तूप अजिबात नको." पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण हे ऐकलं तर बाळ आणखी अशक्त होतं.

आधी विश्रांतीचं. आतड्याचं आतलं अस्तर दर काही दिवसांनी नव्याने तयार होतं आणि त्याला बरंचसं पोषण आतड्यातल्या अन्नातूनच मिळतं. खाणं थांबवलं की ही दुरुस्ती रेंगाळते. "खाल्लं की लगेच शी होते, मग भरवून उपयोग काय?" असं घरोघरी विचारतात. उपयोग आहे. जुलाब चालू असतानाही अन्नाचा मोठा भाग अंगी लागतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनाही खाणं चालू ठेवायला सांगते.

पेज वाईट नाही, पण पातळ पेजेत बहुतेक पाणीच असतं. इवलंसं पोट तिनेच भरतं आणि ताकद येत नाही. सहा महिन्यांपुढच्या बाळाला खिमट द्या: तांदूळ-मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून काढलेली भरड मऊ शिजवायची. चमचा तिरका केला तर लगेच ओघळू नये इतकं दाट हवं. वर थोडं तूप घालाच. बाळ चार घासच खाणार असेल तर त्या चार घासांत जास्त ऊर्जा जाते. कुस्करलेलं केळं, दहीभातही चालतो. एकदम वाटीभर नको, दर तीन-चार तासांनी थोडं थोडं.

आईचं दूध तर कधीच बंद करायचं नाही. वरच्या दुधात पाणी घालू नका. त्याने जुलाब फार वाढतायत असं वाटलं तर डॉक्टरांना विचारा.

मेसेजमध्ये ओआरएस (पाण्यात विरघळवायची मीठ-साखरेची पावडर, म्हणजे जलसंजीवनी) आणि झिंक (जस्ताचं औषध) यांचा उल्लेखच नाही, हे मला सगळ्यात खटकतं. पेज ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. एक लिटरचं पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण घाला, २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. झिंक १४ दिवस: सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १०. जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करा, आणि पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या.

शीमध्ये रक्त दिसलं, डोळे खोल गेले, बाळ मलूल झालं किंवा पाणीही पीत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा.