‘एक शेतकरी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

वासरांची हगवण आणि घरातली लहान मुलं या मागच्या लेखावर ‘एक शेतकरी’ या नावानं आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, हे आधी नोंदवतो. त्यांचं म्हणणं असं : क्रिप्टोस्पोरिडियमची (हगवण लावणारा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी) लागण आपल्याकडच्या मुलांना बहुतेकदा माणसांकडूनच होते, तेव्हा संडासावर लिहायचं सोडून गोठ्याला बदनाम का करता? विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकली की पाण्याचा प्रश्न मिटतो. आणि सुरुवातीलाच हे वाक्य : “पुण्यात फ्लॅटमध्ये बसून शेणाला नाक मुरडणं सोपं असतं.”

नाक मुरडणं! अहो, माझं लहानपण भुदरगडात गेलं. सोपा आणि गोठा यांच्या मधे एक कुडाची भिंत, तीही अर्धी. शेण भरून, उकिरड्यावर टाकून मग शाळा. थंडीत नवं रेडकू आत चुलीजवळ बांधायचो आणि धाकटी बहीण तिथंच रांगायची. रेडकाला पातळ हगवण लागली की आई ते गोणपाटानं पुसायची, हात राखेनं घासायची आणि भाकरीला बसायची. बहिणीचं पोट बिघडलं की दात येतायत म्हणून सोडून द्यायचे. त्या घराला मी नाक मुरडीन? मी लिहिलं ते त्या घरासाठीच लिहिलं. तुम्हाला मात्र लेखात फक्त माझा पत्ता दिसला. तुमचं खरं नावही तुम्ही दिलेलं नाही, ते असो.

जन्मल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत वासराला लागणाऱ्या हगवणीत क्रिप्टोस्पोरिडियम हा जीव बरेचदा सापडतो. त्याचे कवचबंद कण आजारी वासराच्या ग्रॅमभर शेणातून लाखोंनी पडतात आणि माणसाला लागण व्हायला दहा-वीसही पुरतात. वासरं हाताळणाऱ्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो झाल्याच्या नोंदी आहेत. ती पोरं काय फ्लॅटमध्ये बसून शिकत होती?

टीसीएलबद्दल तर बोलूच नका. क्लोरीनला हा जीव दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्ध करून सोडलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोक आजारी पडले होते. पाणी खळखळून उकळलं की तो मरतो. शाळेत फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये मिळणारी अल्बेंडाझोलची गोळीही याच्यावर चालत नाही, ती जंतांची.

राहिला माणसांकडून होणाऱ्या लागणीचा मुद्दा. या जीवाची होमिनिस ही माणसांकडून माणसांत पसरणारी जात आपल्याकडच्या मुलांत जास्त सापडते, तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या अभ्यासांतही तेच दिसलं. ठीक. म्हणून वासरात सापडणारी त्याची पार्वम ही जात माणसाला होत नाही असं कुठं ठरतं? संडासाबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, एका लेखात सगळं बसत नाही.

आणि हो, फोटोतलं वासरू खिल्लार नाही, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकर आहे, हे तुमचं बरोबर. खालची ओळ आज बदलली.

आता तुम्ही एवढंच सांगा : तुमच्या गोठ्यात हगवण लागलेलं वासरू वेगळं बांधता का, आणि त्याची काढघाल झाल्यावर हात साबणानं धुता का? पुढची प्रतिक्रिया त्यावर आली तर तीही ठेवीन.