खुंटी, खाच आणि उजवी सोंड

फोम शीट कात्रीने सहज कापता येते, असे ज्या पाकिटावर छापलेले असते, त्याच पाकिटातल्या फोमला ते मान्य नसते. 2 मिलिमीटर जाडीची ती मऊ शीट कात्रीच्या पात्यांत आधी दबते, मग थोडी सरकते आणि शेवटी तिरकी कापली जाते. त्यामुळे वरून सरळ दिसणारी कड खालून पाहिली की उतरती निघते. एरवी याने कोणाचे काही बिघडत नाही. पण आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीने गणेशोत्सवात मुलांकडून सामूहिक छापचित्र करून घ्यायचे ठरवले: 24 मुलांनी प्रत्येकी एका चौकोनावर चित्राचा आपापला भाग पेन्सिलीने दाबून कोरायचा, मग ते चौकोन एकमेकांत अडकवून त्यांवर रोलरने शाई फिरवायची आणि एकाच मोठ्या कागदावर अख्खा गणपती उतरवायचा. चौकोन कापण्याचे काम माझ्याकडे आले, कारण सभेत मी मागच्या रांगेत होतो आणि तिथून कोणाचेही ‘नाही’ पुढच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

नुसते चौकोन शेजारी शेजारी मांडले, तर चिकट शाईचा रोलर त्यांतले दोनचार स्वतःबरोबर उचलून नेतो. म्हणून प्रत्येकाला खुंटी आणि खाच हवी. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने 1760 च्या दशकात लाकडावर नकाशे चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले आणि मुलांना भूगोलाचे कोडे दिले, तेव्हा त्याचे बहुतेक तुकडे एकमेकांत न अडकता नुसते शेजारी बसत असत. त्या सद्गृहस्थाला सांस्कृतिक समिती नव्हती. आम्हाला 4 बाय 6 च्या मांडणीत एकूण 38 सांधे जुळवायचे होते.

सांधा करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत सलग शीटवर एकच वळणदार रेघ कापायची; एका तुकड्याची खुंटी म्हणजेच दुसऱ्याची खाच असल्याने ती बसणारच, मात्र प्रत्येक तुकड्याची जागा जन्मतःच ठरून जाते. दुसरीत पुठ्ठ्याचा एक साचा करून सगळे तुकडे सारखे कापायचे, म्हणजे कोणताही तुकडा कुठेही बसतो. मी पहिल्या रीतीच्या बाजूचा होतो आणि अजूनही आहे. पण तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा आयुष्यभर कारखान्यात सुटे भाग तपासून निवृत्त झालेले असल्यामुळे, एक भाग दुसऱ्याच्या जागी बसत नसेल तर त्याला भाग म्हणू नये, असे त्यांनी मला जिन्यातच ऐकवले. साचा त्यांनीच केला: उजवीकडे आणि वर खुंटी, डावीकडे आणि खाली खाच, चौकोनाची बाजू 10 सेंटिमीटर आणि खुंटी दीड सेंटिमीटर.

ए-फोर शीटची रुंदी 21 सेंटिमीटर असते. तिच्यावर दोन चौकोन एकमेकांत अडकवून ठेवले, तरी शेवटच्या खुंटीसह साडेएकवीस होतात. उंचीची तीच कथा, कारण 29.7 सेंटिमीटरमध्ये 10 चे तीन चौकोन खुंटीशिवायसुद्धा बसत नाहीत. आप्पांनी यावर शीटच चुकीच्या मापाची आहे असा शेरा मारला. शेवटी समितीच्या सचिव असलेल्या काकूंनी, ज्यांचा हात ब्लाउज बेतण्यात मुरलेला आहे, साचा शीटवर दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “आप्पा, नऊ करा की! कापड वाढत नसतं, बेत लहान करायचा असतो.” नऊ केल्यावर एका शीटमध्ये सहा चौकोन चपखल बसले आणि 24 चौकोनांना बरोबर चार शीट पुरल्या. आप्पांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

कापण्याची बाब उरलीच होती. कटरला स्टीलची पट्टी लावली की सरळ बाजू छान निघते, पण खुंटीच्या गोलाईवर पट्टी काय कामाची? पाते जरा बोथट झाले की फोम कापला न जाता ओढला जातो आणि त्याच्या कडेला बारीक बारीक दाते पडतात. पात्याचे टोक मोडून नवे काढावे, तर ते अशा ठिकाणी उडते की त्यानंतर घरात अनवाणी चालण्याची सोय राहत नाही. हा प्रकार पाहून सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, की चपलेच्या तळव्यालाही हाच फोम असतो ना? मग कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे का जात नाही?

काकांनी शीट बोटांत दाबून पाहिली, साचा ठेवून भोवती पेनाने रेघ ओढली, रापी दगडावर दोनदा घासली आणि ती उभी धरून एका वळणात खुंटी सोडवली. पाते तसेच राहिले, फिरला तो फोम. कड अशी उभी निघाली, की आप्पांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि काही न बोलता परत दिली. हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. आमच्या सोसायटीत त्याची नोंद राहिली पाहिजे.

मग मुले आली. फोमच्या दोन्ही बाजू दिसायला सारख्या असतात, म्हणून चौकोनांवर क्रमांक घालावेत असे काकूंनी सुचवले. परंतु या छपाईत दाबलेली प्रत्येक रेघ शाईविना पांढरी राहते, तेव्हा क्रमांकही छापून आले असते. म्हणून क्रमांक नव्हते, आणि म्हणूनच मोदकाचा चौकोन एका चिरंजीवांनी उलट बाजूने कोरला. उलटलेला तुकडा कुठेच बसणार नाही असे मला वाटत होते. पण आप्पांच्या साच्याची करामत अशी, की पाव वळसा दिला की तोही नेमका बसतो. फक्त मोदक आडवा होतो. कोणताही तुकडा कुठेही बसतो, याचा अर्थ तेव्हा सर्वांना नीट कळला. मोदक आडवाच ठेवला; प्रसाद होता, कलंडला असेल.

छाप उलटा पडतो, हे आम्हाला ठाऊक होते. राजा रविवर्म्याच्या 1894 साली निघालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्यात शिळेवर देवांची चित्रे उलटी काढणारे कारागीर होते. आमच्याकडे काकूंचा हातआरसा होता. त्यात पाहून ‘मोरया’ची अक्षरे मुलांकडून उलटी कोरून घेण्यात सगळी दुपार गेली. शाई फिरली, कागद अंथरला, वाटीच्या बुडाने तो पाठीमागून घासला आणि कोपरे धरून उचलला. ‘मोरया’ सुलटे आले होते. टाळ्या पडल्या.

टाळ्या न वाजवणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा पुसून विचारले, “उजव्या सोंडेचा का केलात? त्याचं सोवळं कोण पाळणार आहे?”

मूळ चित्र डाव्या सोंडेचेच होते, हे मी त्यांना समजावून सांगितले. आप्पांनी कागद खिडकीच्या काचेवर उलटा लावून पाहण्याची सूचना केली. तसा लावल्यावर सोंड डावीकडे गेली, पण ‘मोरया’ वाचता येईना. मग रात्री समितीची बैठक झाली आणि सकाळी चित्राखाली संगणकावर छापलेली, अतिशय सुलट अक्षरांतली चिठ्ठी लागली: ‘केवळ शोभेसाठी. कृपया नमस्कार करू नये.’