माहिती कशासाठी हवी आहे?

आमच्या सोसायटीसमोरच्या पदपथाचे पेव्हर ब्लॉक तीन वर्षांत तिसऱ्यांदा उखडले गेले, तेव्हा सकाळच्या चहाबरोबर मी ‘याचा छडा लावला पाहिजे’ असे उद्गार काढले. असे उद्गार मी गेली तीस वर्षे काढत आलो आहे आणि त्यांपासून कोणालाही कधी उपद्रव झालेला नाही. या वेळी मात्र पत्नी म्हणाली, “मग लावा की!”

परतीची वाट बंद झाल्यामुळे मी माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 वाचायला घेतला. कलम 6 च्या पोटकलम (2) पाशी आल्यावर मला अक्षरशः भरून आले. माहिती मागण्याचे कारण अर्जदाराला विचारता येणार नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. लग्न का केले इथपासून घर का विकले इथपर्यंत सगळ्याची कारणे देण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे पोटकलम देवघरात ठेवावेसे वाटले तर नवल नाही.

पहिले कारण कोर्टाबाहेरच्या स्टॅम्प विक्रेत्याने विचारले. 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसाठी रिक्षाला जाऊन-येऊन 140 रुपये घालवून मी त्याच्यापुढे उभा होतो. “माहिती अधिकार का? निवडणुकीला उभे राहताय?” असे त्याने आपुलकीने विचारले.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. माझी प्रस्तावनाच 212 शब्दांची झाली होती, आणि तीत लोकशाही नुकतीच येत होती. पत्नीने लाल पेनाने लोकशाही काढून टाकली आणि कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयके एवढेच शिल्लक ठेवले. आवक खिडकीवरच्या कारकुनाने तेवढाही अर्ज उलटसुलट करून पाहिला. “कशासाठी हवंय, साहेब?” मी पोटकलम म्हणून दाखवले. त्याने पोच देता देता आत हाक मारली, “अहो, कलमवाले आलेत!”

चौथ्या दिवशी एका अनोळखी माणसाचा अत्यंत नम्र फोन आला. “काका, काय अडचण आहे? आपण बसून बोलू.” मी अर्ज कार्यालयात दिला होता आणि तो कंत्राटदाराने वाचला होता, सरकारी टपाल इतक्या वेगाने पोचू शकते, हे मला ठाऊक नव्हते. मी बसून बोलण्यास नकार दिल्याची बातमी लिफ्टमधून सर्व मजल्यांवर गेली, आणि संध्याकाळी सचिवांनी मला जिन्यात गाठून हलक्या आवाजात विचारले, “किती म्हणाला?” काही नाही, असे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या व्यवहारशून्यतेबद्दल खरीखुरी कणव दाटून आली. (माहिती अधिकाराचा धंदा करणारे चार लोक सगळीकडेच असतात, त्यामुळे सचिवांना मी फार दोष देत नाही.)

राजस्थानात माहितीच्या हक्कासाठी लढणाऱ्या मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून गावोगाव जनसुनवाया घेतल्या. कामाचे हजेरीपट सर्वांसमोर मोठ्याने वाचले जात आणि मजुरी घेणाऱ्यांत मेलेली माणसेही निघत. ऐकायला सारा गाव जमे. आपल्या राज्याने तर केंद्राच्या आधी, 2002 मध्येच, स्वतःचा कायदा केला होता. या परंपरेचे स्मरण ठेवून मी सोसायटीच्या ग्रुपवर सर्वांना सोबत येण्याचे आवाहन केले. सहा जणांनी हात जोडले, एकाने ‘सकाळ शुभ असो’ असे लिहिले, आणि तळमजल्यावरच्या काकांनी विचारले, “पण तुम्हाला कशासाठी हवंय हे सगळं?”

तीस दिवस गेले, उत्तर आले नाही. विलंबाबद्दल जनमाहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो. पण तो लावण्याचा अधिकार राज्य माहिती आयोगाला असल्यामुळे आधी पहिले अपील करावे लागते. त्याला स्टॅम्प 20 रुपयांचा. विक्रेत्याने या वेळी मला बसायला स्टूल दिले. अपिलीय अधिकारी त्याच कार्यालयात, शेजारच्याच केबिनमध्ये होते. त्यांनी दोन मिनिटांत नस्ती, म्हणजे कामाची फाईल, पाहू देण्याचा आदेश दिला आणि निघताना सहज विचारले, “तुमचा स्वतःचा काही इंटरेस्ट?”

नस्ती लाल फडक्यात बांधलेली होती. पहिला तास निःशुल्क असल्यामुळे मी घाईघाईने गाठ सोडली. मोजमाप पुस्तिकेत आमचा पदपथ पहिल्या वर्षी 84 मीटर, दुसऱ्या वर्षी 91 आणि तिसऱ्या वर्षी 97 मीटर भरला होता. चांगल्या खाण्यापिण्याने मूल वाढावे तसा तो वाढत होता. नातवाला टेपचे दुसरे टोक धरायला लावून मी तो स्वतः मोजला होता, 72 मीटर. मी विजयी मुद्रेने पाने उलटू लागलो.

तिसऱ्या कामाच्या मंजुरीमागे ‘नागरिकांच्या मागणीनुसार’ असा शेरा होता आणि त्याला आमच्याच सोसायटीच्या लेटरहेडवरचे पत्र जोडलेले होते. ब्लॉक अत्यंत निकृष्ट असून ते तातडीने बदलावेत, अशी त्यात कळकळीची विनंती होती. खाली अकरा सह्या होत्या. चौथी माझी होती. गणपतीच्या आरतीनंतर, एका हातात प्रसाद असताना, सचिवांनी पुढे केलेला कागद मला आठवला.

कारकून टेबलापाशी आला. “प्रती किती पानांच्या काढू? पानाला दोन रुपये.”

“सगळ्या,” मी म्हणालो, “फक्त हे एक पान नको.”

“का हो?”

मी त्याला पोटकलम (2) पुन्हा एकदा म्हणून दाखवले.