'चालते ना भाऊ' म्हणणाऱ्या समस्त टर्नर लोकायले

आज डोकं इतकं सटकलं आहे का हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. आयकायची तयारी असन त वाचा, नाहीत सरका पुढं.

थोडक्यात सांगतो. हिंगणघाट तालुक्यातलं गाव, घराच्या बाजूले माझं टिनाचं शेड, वखराचे पासे, पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरची किरकोळ कामं करतो. एका बुशसाठी, एका वॉशरसाठी गाडीले किक मारून शहरात जायचं, टर्नरच्या, म्हणजे लेथवर लोखंड घासून देणाऱ्याच्या दारात तीन तास बसायचं, आन ५० रुपयाच्या कामाले १५० चं पेट्रोल जाळायचं, ह्याचा कंटाळा आला म्हणून दोन वर्षापूर्वी ठरवलं का आपलाच छोटा लेथ, म्हणजे जॉब फिरवून टूलने घासायची मशीन, बनवायचा. बेड, म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसते तो पाया, तयार आहे. जुन्या जिनिंगच्या भंगारातून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा बेस किलोवर घेतला, पन्नास-साठ वर्षं उन्हापावसात मुरलेलं बीड, आता ते वाकत नाही का पिळत नाही. उंच ठिपके दिसावे म्हणून त्याले निळा रंग लावून, स्क्रेपरने खरवडून खरवडून सरळ केला, स्क्रेपरही जुन्या कानशीचाच. चार महिने गेले, मनगट गेलं, पण ते माझ्या हातातलं काम होतं म्हणून झालं. गाडी अडली ते दुसऱ्याच्या हातात गेल्यावर.

स्पिंडल. म्हणजे लेथचा मुख्य शाफ्ट, जॉबले धरून फिरवते तो.

लेथ बनवायले लेथ लागते, हा जोक मले आजपर्यंत किमान दोनशे लोकायनं सांगितला असन आन प्रत्येकाले वाटते का आपणच पहिले. हाव बाबा, लागते, माहीत आहे मले, म्हणूनच त गेलो टर्नरकडे! सोबत ड्रॉइंग नेलं. कच्चं नाही, पेन्सिलीने स्केल लावून काढलेलं. ईएन-८ नावाच्या पोलादाचा बार मीच नेला. त्यावर दोन बेअरिंग बसणार, नंबर ३०२०६, टेपर रोलर, आतलं भोक ३० मिलिमीटर. पुढच्या सीटचं, म्हणजे बेअरिंग बसायच्या जागेचं, माप लिहून दिलं, ३०.००२ ते ३०.०१५, म्हणजे बेअरिंग हलकं ठोकून टाइट बसलं पाहिजे. मागची सीट जराशी सैल, अंगठ्याने सरकन अशी, कारण मागून नट आवळूनच टेपर बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलाई, काढावी लागते. लाल पेनाने गोल केला. दोनदा वाचून दाखवलं. टर्नरने ड्रॉइंगची घडी केली, खिशात घातली आन म्हणे, "टेन्शन नोका घेऊ, होते."

आठ दिवसांनी 'झाला' म्हणून फोन आला. गेलो. मायक्रोमीटर लावला. २९.९६.

पुन्हा लावला. २९.९६. मागची सीट २९.९४.

म्हटलं भाऊ हे कमी झालं. त म्हणे किती? म्हटलं ४० मायक्रॉन, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. त तो हसला. खरंच हसला! "अहो केसापेक्षा बारीक आहे ते, चालते ना भाऊ." आन मंग जे बोलला ते आयकून माझं रक्त उकळलं, "ढिलं वाटत असन त आणा इकडे, पंच मारून टाइट करून देतो."

ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो, आपल्याकडे शाफ्ट कमी झाला का टर्नर सेंटर पंच घेते आन बेअरिंगच्या जागेवर टक टक टक ठिपके मारते, देवीचे व्रण असल्यावानी. ठिपक्याच्या कडा फुगून वर येतात, त्या कडेवर बेअरिंग अडकते, हाताले टाइट लागते, गिऱ्हाईक खुश. महिनाभराने त्या कडा चेपल्या का आतली रेस शाफ्टवर फिरायले लागते, शाफ्ट खाते, आन मंग गिऱ्हाईक म्हणते बेअरिंग डुप्लिकेट होतं. थ्रेशरले चालत असन हा प्रकार, उपणणीच्या पंख्याले चालत असन. अरे पण हे लेथचं स्पिंडल आहे! याच्यात जेवढी चूक राहीन तेवढी पुढं ह्या मशीनवर बनणाऱ्या हरेक जॉबमध्ये उतरणार आहे, जोवर मशीन जिवंत आहे तोवर. चिरगुट फाडल्यावर टाका मारता येते, बीजच खराब निघालं त अख्खं वावर जाते, हे मी कापूस लावणाऱ्या गावात काऊन समजावून सांगू?

आन माप त सोडाच, पुढची गंमत आयका. घरी आणून दोन व्ही ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यायवर ठेवला, बारीक फरक दाखवणारी डायल लावली. एका सीटवर टेकवून दुसरी पाहिली त काटा १४ घरं फिरला. एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही सीट एका रेषेत नाहीतच! मले तिथंच समजलं याने काय केलं ते. जॉब तीन जबड्याच्या चकात धरला, अर्धा घासला, काढला, उलटवला, उरलेला अर्धा घासला. झिजलेलं चक, जबडे घंटीसारखे फाकलेले, त्यात एकदा उलटवलं का सेंटर गेलं. म्हणूनच त बोललो होतो ना का दोन्ही टोकायले सेंटर ड्रिलने बारीक खड्डे मारा आन दोन सेंटरमध्ये, म्हणजे मशीनच्या दोन टोकदार खुंट्यायमध्ये धरून एका दमात दोन्ही सीट काढा. पायजे तितक्या वेळा उलटवा मंग, रेष तीच राहते. हे काही मी चंद्रावरून आणलेलं ज्ञान नाही, टर्नर ट्रेडच्या पोट्ट्याले शिकवतात. त्याचं उत्तर, "सेंटर कायले पायजे, चक आहे ना."

चक आहे ना. वा.

मी फिटर ट्रेड केला. आयटीआयले आमच्या हातात कानस देऊन ०.०४ च्या आत जॉब घासायले लावत होते, कानशीने, हाताने, खांदे भरून येईपर्यंत. आन इथं दीड टनाची मशीन, मोटर, ग्रॅज्युएटेड कॉलर, सगळं असून साहेब ०.०४ ने चुकतात अन वरून आपल्यालेच हसतात. मशीनचा दोष नाही हो. मी पाहिलं ना, टूल आत-बाहेर करणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल उलटं फिरवलं का पाव फेरा नुसता रिकामा जाते, तो प्ले याले माहीत आहे, त्याचा अंदाजही आहे, पण 'अंदाज' म्हणजेच माप असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे मायक्रोमीटर आहेच, डब्बीत, डब्बी देवाच्या फोटोमागे. मोजणं सगळं व्हर्नियरवर, आन त्या व्हर्नियरचा जबडा बंद केला त उजेड दिसते आरपार.

हेडस्टॉकची, म्हणजे स्पिंडल ज्यात बसते त्या डब्याची, कथा लांब आहे, लवकर संपवतो. १६ एमएमच्या प्लेटचा डबा मीच वेल्डिंग केला. वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढते हे माहीत होतं म्हणून पऱ्हाटी आन कोळसा पेटवून, ब्लोअर लावून अख्खा डबा लाल केला आन रात्रभर राखेत गाडून ठेवला, म्हणजे जे वाकायचं ते आधीच वाकून घेईन. मंग ६२ एमएमची दोन भोकं बोअर करायले नागपूरले पाठवला, म्हटलं शहरातले लोक शहाणे असतात. बार आरपार घालून दोन्ही भोकं एका सेटिंगमध्ये काढा असं चिठ्ठीत लिहिलं. त्यायनं काय केलं असन? एका बाजूनं एक भोक काढलं, डबा उलटवला, दुसऱ्या बाजूनं दुसरं. उलटवल्याशिवाय ह्या लोकायले चैनच पडत नाही! पोळी आहे का ती?

आता स्वतःचाही गाढवपणा सांगतो नाहीत म्हणाल दुसऱ्यायलेच शिव्या घालते. दुसरा बार घेतला, पुन्हा त्याच टर्नरकडे, कारण दुसरा टर्नर २८ किलोमीटर आणखी पुढं. या वेळी त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. दोन सेंटरमध्ये धरायले लावला, तोंड वाकडं करत का होईना धरला. मे महिना, दुपारचे दोन, वरून टिन तापलेलं, कूलंट म्हणजे बाटलीच्या झाकणातून टाकलेलं पाणी. शेवटचा कट झाला, मी लगेच मायक्रोमीटर लावला, ३०.०१! नाचायचाच बाकी होतो. "सोडा, हात नोका लावू, झालं," असं मीच बोंबललो. घरी आणला, रात्री गार झाल्यावर मोजला त २९.९९६.

साधी गोष्ट आहे. लोखंड एका मीटरले एका अंशाले १२ मायक्रॉनच्या आसपास वाढते. ३० मिलिमीटरचा जॉब कटिंगने ४० अंश जास्त तापला त झाले १४ मायक्रॉन, आन सीटच्या मापात मी दिलेली सगळी मोकळीकच होती १३ मायक्रॉनची. गरम भाकर मोजून खाल्ली म्हणायची. जगभर मोजमापाचं ठरलेलं तापमान आहे २० अंश सेल्सिअस. वीस! आमच्याकडं मे महिन्यात रात्री तीन वाजताही वीस नसते, माठातलं पाणी त्याहून गरम असते. ज्यानं ते ठरवलं त्याले एक उन्हाळा विदर्भात टिनाखाली बसवायले पायजे होता. बरं, जॉब आन मायक्रोमीटर दोन्ही सारखे तापलेले असले त फारसं बिघडत नाही, दोन्ही लोखंडच, सोबत वाढतात. पण मी मायक्रोमीटर सावलीतल्या पिशवीतून काढून भाजक्या जॉबवर लावला. ही चूक माझी. टर्नरने मात्र तिचा पुरेपूर फायदा घेतला, "पाहा, आम्ही केलं त बी कमी, तुम्ही केलं त बी कमी."

आन घरी बाबा. बाबायचं एकच, "बंडीच्या चाकाले बोटभर खेळ असते, तरी चाळीस वर्षं कापूस वायला तिनं." आता काय बोलावं. बाबा, बंडीले खेळ पायजेच, रस्त्यात दगड-धोंडे आहेत, चाक जाम झालं त आख मोडन. लेथले खेळ असला त टूल थरथर करते आन जॉबवर कणसासारखे दाणे उमटतात. हे सांगितलं त म्हणतात, "मंग चुकीचीच चीज बनवून रायला तू." आजीचा चरखा अजून माळ्यावर आहे, त्याची चाती जराशी वाकली का सूत तुटायचं, आजी ती चाती डोळ्यासमोर धरून फिरवून पाहायची आन दगडावर हळूच ठोकून सरळ करायची. इंग्रजीत चातीलेच स्पिंडल म्हणतात. आजीले समजत होतं, तिच्या पोराले समजत नाही.

सगळ्यात जास्त राग कशाचा येते सांगू? "हे इथं होत नाही, पुणे-कोल्हापूरले पाठवा" ह्याचा. अरे, १८०० च्या आसपास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले नावाच्या माणसानं आटे पाडायचा लेथ उभा केला तेव्हा त्याच्याकडं कार्बाइड होतं का, डायल गेज होतं का? कानस होती, स्क्रेपर होता आन चिडका स्वभाव असन. एक प्लेट दुसरीवर घासली त दोन्ही सरळ होतीलच असं नाही, एक फुगीर अन दुसरी खोलगट होऊनही जुळतात, म्हणून तीन प्लेटा आळीपाळीनं एकमेकीवर लावून उंच ठिपके खरवडायचे, तिन्ही जुळल्या का समजायचं सपाट झाल्या. त्याले ना लाइट लागते ना इंटरनेट. जीव लागते. आमच्याकडे जीव सगळा 'चालते' म्हणण्यात जाते.

लाइटचं त बोलतच नाही. गावठाणाच्या सिंगल फेजवर एक एचपीची मोटर, सांजच्याले व्होल्टेज पडलं का नुसती हूंऽऽ करते, फिरत नाही.

तर आता तिसरा शाफ्ट. या वेळी डोकं लावलं, टर्नरले सांगितलं का ३०.०५ ठेव, बाकीचं मी लॅपिंगने, म्हणजे पेस्ट लावून हाताने घासून उतरवतो. जास्त ठेवायचं म्हटल्यावर तो खुश, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी जास्त मागितलं. दोन सेंटरमध्येच केला, न सांगता. आज संध्याकाळी आणला, पाण्याच्या टाक्यात दोन तास ठेवला, पुसला, मोजला. ३०.०६. दोन्ही सीटवर डायल फिरवली, काटा एका घराच्या आत. मी त्याले फोन करून चांगलं झालं म्हणून सांगितलं त म्हणे, "मंग? म्हटलं होतं ना चालते."

फोन ठेवून दिला.

बिडाच्या तुकड्याचा बुश कापून, त्याले चीर देऊन, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून बसलो आहे. जेवण झाल्यापासून पुढची सीट हाताने घासून रायलो, हात कोपरापर्यंत काळे. दीड तासात ४ मायक्रॉन उतरले. अजून ४५ बाकी आहेत, आन बाबा दारातून विचारून रायले का शेडचा लाइट कधी बंद करतो.