फाईटमध्ये लाइन क्रॉस केली तर काय बिघडतं? बरंच बिघडतं

एक रील सगळीकडे फिरतंय: "१८० डिग्रीचा नियम जुना झाला, फाईटमध्ये कॅमेरा कुठूनही लावा, हलवा, फास्ट कट मारा, रिहर्सलही नको, मॅड मॅक्सने हेच केलं." नियम साधा आहे: लढणाऱ्या दोघांमधून एक काल्पनिक रेघ, म्हणजे लाइन, धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. माझ्या भाच्याने ते रील मनावर घेऊन शॉर्टफिल्मची फाईट गच्चीवर शूट केली आणि काल एडिटला बसल्यावर रडकुंडीला येऊन मला फोन केला.

आधी मॅड मॅक्स, कारण सगळा डोलारा त्यावरच उभाय. २०१५च्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' सिनेमात साधारण २,७०० कट आहेत, खरंय. पण तरी डोळा भरकटत नाही, कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलरने महत्त्वाची गोष्ट जवळपास दर शॉटमध्ये फ्रेमच्या मधोमध ठेवून घेतली, कॅमेरामन जॉन सीलच्या टीमला वॉकीटॉकीवर सतत सांगणं असायचं की कॅमेऱ्यात दिसणारी मधली फुली नटाच्या नाकावर ठेवा. मार्गारेट सिक्सेलला एडिटिंगचं ऑस्कर मिळालं ते असल्या फुटेजवर. रीलवाला आकडा सांगतो आणि ही शिस्त गिळून टाकतो!

"कुठूनही लावा" म्हणजे काय होतं ते भाच्याच्या फुटेजमध्ये बघा. हिरो डावीकडे, त्याचा पंच उजवीकडे जातो. पुढच्या शॉटला कॅमेरा पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी, आता व्हिलन डावीकडे आलाय आणि तोही उजवीकडेच मारतोय, त्यात दोघंही काळ्या टीशर्टमध्ये, म्हणजे दोघं मिळून कुणा तिसऱ्यालाच बडवतायत असं दिसतं.

लाइन ओलांडता येते, मान्य. माणसं फिरली की लाइनही फिरते. पण मग शॉट चालू असतानाच कॅमेरा पलीकडे न्या, नाहीतर मध्ये एक शॉट बरोब्बर लाइनवरून घ्या.

कॅमेरा हलवल्याने खोटा पंच लपतो, हेही मान्य. पण मार खाणाऱ्याच्या खांद्यामागून शॉट घेतला तर मूठ आणि गाल यातलं वीतभर अंतर तसंही दिसत नाही.

आणि "रिहर्सल नको" हे वाचून तर डोकंच फिरलं. हलत्या कॅमेऱ्यात कोणाला काय दिसणारे म्हणून पोरांनी अंतर ठरवलंच नाही, एकाचा ओठ फाटला, दोन टाके पडले. कोणी मारायचं, कोणी कधी मान फिरवायची, हे आधी हळूहळू वीस वेळा करायचं असतं हो!

टाके निघाले की परत शूट आहे. गच्चीवर खडूने रेघ मारून घे, टाकीकडे कॅमेरा न्यायचा नाही आणि व्हिलनला पांढरा शर्ट दे, एवढं भाच्याला सांगून ठेवलंय.