जुने ते म्हणा

परवा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि रंगमंचावर गेली बावीस वर्षे जिथे माझ्या आवडत्या गायकाची पेटी असायची, तिथे एक इलेक्ट्रिक गिटार, ड्रमसेट आणि केस हळदीच्या रंगाचे केलेला एक मुलगा होता. गायकाचे नाव सांगत नाही, कारण तक्रार जाहीर असली तरी भक्ती अजून खाजगी आहे. पहिल्याच गाण्यात ड्रमचा ठोका बरगड्यांतून आरपार गेला. शेजारी बसलेली सौभाग्यवती मात्र पायाने ताल धरत होती.

अशा प्रसंगी दुखावला जाणारा मी काही पहिला नव्हे. अमेरिकन लोकगायक बॉब डिलनने गिटारला वीज जोडली, तेव्हा १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरमध्ये एका श्रोत्याने भर सभागृहात त्याला ‘जुडास’ म्हटले, म्हणजे आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हणावे तसे. डिलनने त्याला खोटारडा ठरवून पुढचे गाणे सुरू केले. बालगंधर्वांना शालूत आणि नथीत पाहिलेले आमचे आजोबा तर १९३५ साली पडद्यावर त्यांना संत एकनाथांच्या वेशात पाहून मध्यंतरातच घरी परतले होते. तिकिटाच्या पैशांचे दुःख त्यांनी शेवटपर्यंत बाळगले.

आमच्या मध्यंतरात मी भडंगाचा पुडा फोडून गाऱ्हाणे सुरू केले, तेव्हा ती म्हणाली, “अहो, पूर्वी तुम्ही यात मूठभर कांदा घालून खात होतात, आता पित्तामुळे कोरडेच खाता. भडंगाने कधी तक्रार केली का?”

मी उत्तर दिले नाही, कारण मला ती कॅसेट आठवत होती. याच गायकाच्या पहिल्या कॅसेटची फीत टेपरेकॉर्डरने एकदा चावली होती. मी पेन्सिलीने ती गुंडाळून घेतली, चुरगळलेला बोटभर तुकडा कात्रीने कापला आणि टोके चिकटपट्टीने जोडली. तेव्हापासून अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत गायक ‘चांदण्यात’ म्हणता म्हणता ‘चां’वरून थेट समेवर उडी घेत असे. ही उडी मी अकरा वर्षे ऐकली, स्नानगृहात तशीच गायली आणि मिरजेच्या एका तंतुवाद्य कारागिरापुढे बसून त्या तयारीचे रसग्रहणही केले. भोपळा घासता घासता तो गृहस्थ नुसता हसला होता.

उत्तरार्धात मला राहवेना. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत मी उभा राहून ओरडलो, “जुने म्हणा!” गायक डोळ्यांवर हात धरून माझ्या दिशेला पाहत राहिला, मग त्याने गिटारवाल्याला थांबवले, आतून पेटी मागवली आणि तेच गाणे, त्याच पट्टीत, अगदी पहिल्यासारखे म्हटले. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला मी डोळे मिटले. तो ‘चांदण्यात’ संपूर्ण म्हणाला.

मी हळूच बायकोकडे वळून म्हणालो, “बघ, बिघडलाच तो.”