पेढ्यांपलीकडचं थोडंसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक सांगलीकर सिनेप्रेमी' यांस,

'फायनल डेस्टिनेशन' या हॉलिवूडच्या भयपटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "मृत्यूला ना चेहरा, ना आवाज. नुसते योगायोग एकामागून एक. याला कथा म्हणत नाहीत. सातारकरांनी कंदी पेढ्यांवर लिहावं, हॉलिवूड झेपत नाही." शिवाय लेख फार लांबला, परीक्षिताचा दाखला ओढूनताणून आणला, असले सिनेमे पोरांना बिघडवतात, वगैरे.

आधी पेढ्यांचं बघू. सिनेमा आवडला नाही तर नाही, पण त्यात माझं गाव कशाला? मी कधी सांगलीकरांना 'तुम्ही आपलं भडंगावर लिहा' म्हटलेलं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या नाट्यपंढरीतून जरा बरी भाषा येईल असं वाटलं होतं. आणि टोपणनावाआडून टोमणे मारायला काय लागतं? मी इथं माझ्या नावानं लिहितो.

एक मान्य करतो. सिनेमाचा पॅरिसमधला शेवट चिकटवल्यासारखा वाटतो, कारण तो चिकटवलेलाच आहे. मूळ शेवटात नायक ॲलेक्स मरत होता. चाचणीच्या खेळाला तो लोकांना रुचला नाही, म्हणून नवा शेवट चित्रित केला. एकदोन पोरांचा अभिनयही ठोकळेबाज आहे. झालं समाधान?

आता 'नुसते योगायोग'. अहो, तीच तर कथा आहे! जेफ्री रेडिकची मूळ कल्पना, जेम्स वाँगचं दिग्दर्शन, साल २०००. विमान फुटणार हे ॲलेक्सला आधीच दिसतं, गोंधळ होतो, सात जण खाली उतरतात आणि वाचतात. मग ज्या क्रमानं ते विमानात मेले असते, त्या क्रमानं मृत्यू एकेकाला गाठायला लागतो. काळा झगा, कोयता, मुखवटा, काही नाही. फार तर एखादी सावली सरकते. वाचलेल्यांपैकी टॉडच्या न्हाणीघरात पाणी गळतं, तो घसरतो, कपडे वाळत घालायची तार गळ्याला आवळते. आणि तो मेल्यावर ते पाणी आल्या वाटेनं मागं जातं. पुरावाच पुसला, सगळ्यांना वाटतं पोरानं आत्महत्या केली. यापेक्षा वेगळा चेहरा तुम्हाला कुठला हवा होता? त्यांच्याबरोबर वाचलेल्या शिक्षिकेच्या घरात तर सुरुवात एका तडकलेल्या कपापासून होते. गरम कपात थंडगार दारू ओतली, कप तडकला, थेंब थेंब गळत दारू कॉम्प्युटरच्या मॉनिटरमध्ये गेली. पुढचं तुम्ही पाहिलं असेल. पाहिलं असेल असं धरून चालतो.

माझी सारी नोकरी गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर म्हणून झाली. खंबाटकी घाटातल्या चेपलेल्या गाड्या मी उभं राहून तपासल्यात, फोटो काढलेत, अहवाल लिहिलेत. एकाच कारणानं झालेला अपघात मला फारसा आठवत नाही. टायर गुळगुळीत झालेला, रस्ता ओला, पुढच्या ट्रकचा मागचा दिवा बंद आणि ड्रायव्हर चहाला थांबल्यामुळं नेमका त्याच वेळी तिथं पोचलेला. यातलं एक वजा केलं की गाडी सुखरूप घरी. अहवालात मात्र एकच ओळ लिहायची : चालकाचा निष्काळजीपणा. या सिनेमानं ती बाकीची वजाबाकी दाखवली म्हणून मला तो भिडतो. तुम्ही अशी एखादी गाडी जवळून पाहिली आहे का? नसेल, तर 'झेपत नाही' कुणाला, ते जरा जपून लिहावं.

परीक्षिताबद्दल वाद घालत नाही. सर्पदंशानं मरण्याचा शाप, तो टाळायला एकखांबी महाल, चहूकडं पहारा, आणि तक्षक आला फळातली अळी होऊन. ज्याला यात साम्य दिसत नाही, त्याला मी दाखवू शकत नाही. मुलांना हा सिनेमा दाखवा असं मी कुठंच लिहिलेलं नाही. लेख लांब वाटला तर सोडून द्यायचा, सक्ती नव्हती.

पुढचा लेख २००३ च्या दुसऱ्या भागावर आहे. त्यात महामार्गावर ट्रकमधले लाकडाचे ओंडके सुटतात, म्हणजे पुन्हा माझ्याच नोकरीतला विषय. प्रतिक्रिया जरूर द्या, फक्त या वेळी सिनेमावर द्या.